रफूताईंचा डोळा आणि माझा फटीएवढा उजेड

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. पण माझ्या उजेडात आजवर कोणी पुस्तक वाचलेले नाही की कोणी दोन घास खाल्लेले नाहीत. माझा उजेडच मुळी एका फटीएवढा. दार किंचित किलकिले केले की आत उजेडाची जेवढी पट्टी पडते ना, तेवढा. ती पट्टी मी माणसाच्या डोळ्यात टाकतो आणि डॉक्टर माझ्या दुर्बिणीतून त्या डोळ्याच्या आत डोकावतात. शिकलेली माणसे मला स्लिट लॅम्प म्हणतात. एक म्हातारी मात्र मला 'हनुवटीचं मशीन' म्हणते आणि खरे सांगायचे तर मला तेच नाव जास्त आवडते.

माझा स्वभाव आधीच सांगून टाकतो. मला स्वस्थ बसवत नाही. माझ्या बुडाशी चाके आहेत आणि हाताशी एक दांडी आहे. दांडी जराशी झुकली की मी सुळकन पुढे जातो, लगेच मागे येतो, पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. दिवसभर माझी ही येरझार चाललेली असते आणि समोरच्या माणसाला मात्र सारखे बजावले जाते, "हनुवटी टेका, कपाळ लावा, अजिबात हलू नका." स्वतः नाचायचे आणि दुसऱ्याला दगडासारखे बसवायचे, हा माझा धंदा.

माझी भिंगे ज्या कारागिराने घासली, त्याने मला खोक्यात भरण्याआधी माझ्यातून स्वतःच्याच अंगठ्याकडे पाहिले होते. अंगठ्यावरच्या रेषा एकेक मोजता येतील इतक्या स्पष्ट दिसल्या, तेव्हा तो मान हलवून हसला. ती माझी पहिली शाबासकी. मग मला एका डोळ्यांच्या दवाखान्यात आणले. लांबट खोली, खिडकीला काळा पडदा, समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता आणि एक करकरणारे स्टूल. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी माझ्यावर फार माया केली. त्यांचा एक जुना लोकरी कोट होता, तो फाडून त्यांनी मला अंगभर टोपडे शिवून घेतले. दवाखाना बंद झाला की ते मला घालायचे, म्हणजे भिंगांवर धूळ बसत नसे.

पुढे ते थकले आणि त्यांची मुलगी खुर्चीत बसू लागली. सगळे तिला डॉक्टरबाई म्हणतात. शेजारच्या खोलीत पडदा असलेले एक नवे यंत्र आले. लोक त्याच्याकडे कौतुकाने पाहू लागले आणि माझ्या टोपड्याकडे बघायला कोणाला सवड राहिली नाही. त्याला कसर लागली. कसर म्हणजे लोकर खाणारा बारीक किडा. ती आतल्या आत कुरतडत राहते आणि वरून कापड धडधाकट दिसते. डॉक्टरबाई डोळे तपासायला शिकली ती माझ्यावरच, म्हणून अवघड डोळा आला की ती अजूनही माझ्याकडेच वळते.

रफूताई पहिल्यांदा आल्या, त्या अशाच एका दुपारी. त्यांचे रफूचे छोटे दुकान होते. फाटलेल्या, जळलेल्या, कुरतडलेल्या कपड्यांत धागा धाग्यात असा गुंफायचा की भोक होते कुठे ते धन्यालाही सापडू नये, हे त्यांचे काम. सोबत त्यांच्या सासूबाई होत्या. सासूबाईंच्या मोतिबिंदूचे ऑपरेशन याच दवाखान्यात झालेले, त्यामुळे डोळ्यांतले आपल्याला सगळे कळते अशी त्यांची ठाम समजूत होती.

"या हनुवटीच्या मशीनला घाबरू नकोस गं," त्या सुनेला म्हणाल्या. "नुसतं बघतं. चावत नाही."

रफूताईंचा उजवा डोळा लाल होता, ठणकत होता आणि उजेड त्याला सोसत नव्हता. तरीही बसता बसता त्यांची नजर माझ्या टोपड्यावर गेली. "याला कसर लागलीय," त्या म्हणाल्या. मग त्यांनी हनुवटी टेकवली.

मी उजेडाची पट्टी टाकली. कवडशात धूळ नाचावी तसे बारीक कण डोळ्यातल्या पाण्यात नाचत होते. डोळ्याच्या समोरच्या काचेला आतून मेणाचे थेंब चिकटावेत तसे पिवळट ठिपके होते. डॉक्टरबाई म्हणाली, "ताई, डोळ्याच्या आत सूज आहे. दोन बाटल्या देते. एकीने सूज उतरेल. दुसरीने बाहुली मोठी राहील, म्हणजे बाहुलीभोवतीचा पडदा आतल्या भिंगाला चिकटणार नाही. आज इथेही बाहुली मोठी करून मागचं बघू या."

बाहुली म्हणजे डोळ्याच्या मधले काळे भोक, मित्रांनो. ते औषधाने मोठे केले की डोळ्याच्या पार मागच्या भिंतीपर्यंत मला दिसते. पण मग कितीतरी वेळ जवळचे सगळे धूसर होते. रफूवालीला ते कसे परवडावे?

"आज नको, मॅडम," रफूताई म्हणाल्या. "ते घातलं की दिवसभर सुई ओवता येत नाही. गिऱ्हाईक कोट न्यायला यायचंय. पुढच्या खेपेला नक्की."

ही पुढची खेप काही येईना. त्या आल्या की हातात काम असायचे आणि कामाला घाई असायची. बाहुली मोठी करायची बाटली त्यांनी दुकानाच्या खणात टाकून दिली. सूज उतरवायची बाटली मात्र नेमाने घातली, आणि डोळा निवला. डॉक्टरबाईने थेंब कमी करत करत बंद केले. काही आठवड्यांनी डोळा पुन्हा लाल झाला. पुन्हा थेंब, पुन्हा आराम, पुन्हा बंद. त्यानंतर मात्र रफूताई जेव्हा जेव्हा तपासायला आल्या, तेव्हा तेव्हा डोळा लख्ख होता. ना लाली, ना कण. डॉक्टरबाई म्हणायची, "छान आहे," आणि माझ्या जिवाची घालमेल व्हायची.

कारण मला बाहुलीच्या कडेला काहीतरी दिसत होते. ती कड गोल नव्हती. एका जागी किंचित ओढल्यासारखी होती. लहान बाहुलीत ते नीट कळत नव्हते. मी दांडीखाली थरथरत होतो, पुढे जात होतो, मागे येत होतो. पण माझ्याजवळ उजेड आहे, वाचा नाही. तोंडात मूग गिळून बसण्याखेरीज मी काय करणार?

शेवटी चाहूल लागली ती डोळ्याच्या दाबावरून. डोळ्यात पाणी भरलेले असते आणि त्याचा दाब माझ्याच अंगावर बसवलेल्या एका छोट्या काडीने मोजतात. तो वाढलेला होता. डॉक्टरबाई मागे सरून बसली.

"ताई, त्या सुजेच्या थेंबांनी कोणाकोणाचा दाब वाढतो. पण थेंब तर मी केव्हाच बंद केलेत. मग हा वाढला कसा?"

रफूताईंनी सासूबाईंकडे पाहिले. सासूबाईंनी अक्षरांच्या तक्त्याकडे पाहिले, जणू काही तपासणी त्यांचीच आहे.

"आई, सांगा ना," रफूताई हळूच म्हणाल्या.

सासूबाईंनी पिशवीतून एक मळकी बाटली काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. त्यांच्या मोतिबिंदूच्या ऑपरेशनानंतर उरलेले थेंब होते ते. औषध तेच, सुजेचे. "इथं यायच्या आधी दोन-चार दिवस घालतो आम्ही," त्या म्हणाल्या. "डॉक्टरकडे जायचं तर डोळा जरा नीटनेटका नको? हिचं काम डोळ्यांचं. रफूवालीचा डोळा बिघडलाय असं बाहेर कळलं, तर कपडे कोण टाकील? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं."

डॉक्टरबाई रागावेल असे मला वाटले. तिने बाटली उचलून उजेडात धरली. "आजी," ती म्हणाली, "घरी पाहुणे येणार म्हणून आपण पसारा पलंगाखाली ढकलतो. मी पाहुणी नाही हो. मला पसाराच बघायचा असतो."

त्या दिवशी रफूताईंनी मान खाली घालून आणखी एक गोष्ट सांगितली. सुईच्या टोकाशी आता एक धुरकट ठिपका दिसतो. डोळे चोळले तरी जात नाही. दुकान त्या दिवशी बंद राहिले आणि बाहुली मोठी करण्याचे थेंब पडले.

बाहुली मोठी झाली, पण गोल झाली नाही. तीन ठिकाणी टाका घालून ठेवल्यासारखी ती मागच्या भिंगाला चिकटलेली होती आणि मधूनमधून फाकली होती. त्या फटींतून मी आत शिरलो. डॉक्टरबाईने हातात एक जादा भिंग धरले आणि आम्ही दोघांनी डोळ्याची मागची भिंत पाहिली. तिथे फिकट पिवळे चट्टे होते आणि एक छोटासा उंचवटा. माझ्या दुर्बिणीच्या काचेवर डॉक्टरबाईचा श्वास पडेनासा झाला. तिने तो धरून ठेवला होता.

मग तपासण्यांची रांग लागली. हाताच्या कातडीत एक छोटीशी सुई टोचून दोन-तीन दिवसांनी तिथे गाठ उठते का ते पाहिले. ती चांगलीच टणक उठली. रक्त तपासले. अशी सूज आणणारे दुसरे आजार एकेक करून बाजूला काढले. छातीचा साधा फोटो स्वच्छ होता, पण बारकाईने काढलेल्या फोटोत फुप्फुसांच्या मधोमध दोन सुजलेल्या गाठी सापडल्या. डॉक्टरबाई छातीच्या डॉक्टरांशी बोलली आणि मग रफूताईंना समोर बसवून म्हणाली, "ताई, हा क्षय आहे. डोळ्यातला टीबी."

रफूताई मागे सरल्या. स्टूल करकरले.

"मला खोकला नाही," रफूताई म्हणाल्या. "ताप नाही. माझ्या डोळ्यात क्षय कुठून येईल?"

"जंतू कधीतरी श्वासातून आत गेला असणार. तो रक्तातून कुठेही जाऊन बसू शकतो. तुमच्याकडे डोळ्यात बसला."

"नक्की?"

डॉक्टरबाईची ही गोष्ट मला आवडते की ती पोकळ धीर देत नाही. "जंतू समोर दाखवायचा तर डोळ्याच्या आतून तुकडा काढावा लागेल, त्यात डोळ्यालाच धोका. म्हणून सगळे पुरावे शेजारी शेजारी ठेवून ठरवावं लागतं. सगळे एकाच दिशेला बोट दाखवताहेत. नुसत्या थेंबांनी सूज झाकली जाते, जंतू आत राहतो. गोळ्या घ्याव्या लागतील, महिनोन्महिने, एकही न चुकवता. नाही घेतल्या तर हा डोळा जाईल, आणि दुसऱ्याचीही खात्री नाही."

रफूताईंना डोळ्याइतकीच भीती दुकानाची होती. क्षयवालीच्या हातचे कपडे कोण अंगात घालील? डॉक्टरबाईने समजावले की हा डोळ्यातला क्षय कापडातून, धाग्यातून, कोणाकडे बघण्यातून लागत नाही, आणि त्यांच्या खोकल्याथुंकीतून पसरावा असे त्यांच्या फुप्फुसांत काही सापडलेले नाही. त्यांनी ऐकले. पटले की नाही ते मला कळले नाही.

गोळ्या सुरू झाल्या. जंतूवरच्या चार आणि सुजेवरची एक. त्यांतल्या एका गोळीने क्वचित कोणाच्या नजरेची नस दुखावते आणि रंग फिके दिसू लागतात. म्हणून प्रत्येक खेपेला रंगीत ठिपक्यांचे पुस्तक रफूताईंसमोर धरत. त्या घडाघडा वाचून दाखवत.

दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, असे म्हणतात. हे तर आले होते तेच मुंगीच्या पावलांनी. जाताना ते कसे जाणार होते, देव जाणे. मी आपला रोज सकाळी काळा पडदा सरकला की दाराकडे बघत असे. आज येतील का? डोळा कसा असेल? दुसऱ्यांचे डोळे तपासतानाही माझे अर्धे चित्त तिकडेच.

आणि मग त्या आल्या, त्या ठरलेल्या दिवसाच्या आधीच. मागोमाग सासूबाई. रफूताईंचा चेहरा ओढलेला. हातात पांढरा रुमाल, त्यावर नारिंगी डाग.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "डोळ्यातून रंग गळतोय. आणि दिसायचं होतं तेही कमी झालंय. ठिपका वाढलाय. तुमच्या गोळ्यांनीच माझा डोळा चाललाय. आजपासून मी त्या बंद करतेय."

नारिंगी रंगाचे उत्तर सोपे होते. त्यांतल्या एका गोळीने अश्रू आणि लघवी नारिंगी होते, त्यात घाबरण्यासारखे काही नसते. रंगांचे पुस्तक त्यांनी आजही बिनचूक वाचले, म्हणजे नस शाबूत होती. पण ठिपका खरेच वाढला होता. मी आत गेलो आणि पाहिले. चट्ट्यांच्या कडा फुगल्या होत्या, कण पुन्हा नाचत होते. माझ्या दिव्याची तार आधीच सैल होती. ती त्या क्षणी फडफडली आणि उजेड दोनदा गेला-आला. डॉक्टरबाईने मला एक चापट मारली. मला ती लागली नाही. मी घाबरलो होतो.

"कधी कधी असं होतं," डॉक्टरबाई म्हणाली. "औषधाने जंतू मरायला लागतात, तेव्हा शरीर त्या मेलेल्या जंतूंवर चवताळून उठतं. सूज वाढते. ती आवरायला सुजेची गोळी वाढवते मी. पण जंतूवरच्या गोळ्या आता सोडल्यात, तर सगळं फुकट जाईल."

"आधीही तुम्ही छान आहे म्हणत होता," रफूताई म्हणाल्या आणि उठल्या.

डॉक्टरबाईने दांडीवरचा हात काढला. ते खरे होते.

तेव्हा कोपऱ्यातून आवाज आला. "बस खाली."

सासूबाई उठल्या होत्या. त्यांनी खुंटीवरचे माझे टोपडे काढले, सुनेसमोर धरले आणि कसर लागलेल्या जागेवर दोन सणसणीत फटके मारले. धूळ उडाली, कुरतडलेल्या लोकरीचा भुगा पडला, आणि मघाशी बोटभर दिसणारे भोक तळहाताएवढे झाले.

"कसर लागलेला कोट घेऊन गिऱ्हाईक येतं, तेव्हा तू पहिलं काय करतेस?"

रफूताईंची नजर भोकावर गेली.

"झाडतेस. आणि झाडला की भोक मोठं होतं. मग ते बोंबलतं, बाई, माझा कोट फाडलात. तेव्हा तू त्याला काय सांगतेस?"

कडेचा एक सुटा धागा त्यांनी बोटाने आत दाबला. मग रफूताई अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "सांगते, भोक एवढंच होतं. तुम्हाला दिसत नव्हतं."

"आणि न झाडता रफू केलं तर?"

"आत खातच राहते."

"आपण दोघींनी तेच केलं गं," सासूबाई म्हणाल्या. "मीच दिली बाटली. आता झाडून होईपर्यंत तरी बस."

रफूताई बसल्या. त्यांनी हनुवटी माझ्यावर टेकली. त्या उठून गेल्या नाहीत.

त्यानंतर सासूबाईंनी गोळ्यांचा कारभार हाती घेतला. सून गोळी गिळते की नाही हे त्या समोर उभे राहून बघत आणि वर "जीभ दाखव" म्हणत. रफूताई हे सांगताना कपाळावर हात मारून घेत, पण सांगत मात्र दर वेळी. महिने गेले. कण थांबले. चट्टे सपाट झाले, त्यांच्या कडा आखीव झाल्या. चिकटलेल्या तीन जागांपैकी दोन थेंबांनी सुटल्या, एक राहिली. मागच्या भिंतीवर एक वणही कायमचा राहिला. त्या जागेपुरता धागा त्यांना दिसत नाही. मान जराशी वळवून त्या सुई ओवतात. दुकान चालू आहे. गोळ्या संपल्या, त्या दिवशी डॉक्टरबाईने त्यांना सांगितले, "डोळा पुन्हा कधी लाल झाला, तर तसाच या. लालच या."

माझी तगमग मात्र संपली नव्हती. हे दुखणे परत येऊ शकते हे मला ठाऊक होते. आणि एके दिवशी सकाळीच दार उघडले. रफूताई आल्या, उजवा डोळा लालबुंद, पाणी गळत होते.

"काही घातलेलं नाही," त्या म्हणाल्या. "दुकान बंद ठेवून आलेय. बाहुली मोठी करा."

थेंब पडले. बाहुली मोठी होईपर्यंतचा तो वेळ मला माझ्या सगळ्या आयुष्याहून लांब वाटला. मग मी आत गेलो. पाणी स्वच्छ. काच स्वच्छ. बाहुली गोल, फक्त ती एक जुनी खाच. मागे जुना वण, जसाच्या तसा. डॉक्टरबाईने मला वर-खाली, आडवे-तिडवे फिरवले आणि शेवटी रफूताईंची वरची पापणी उलटी केली.

पापणीच्या आत निळ्या लोकरीचा एक तंतू होता.

डॉक्टरबाईने कापसाच्या काडीने तो अलगद उचलला आणि रफूताईंच्या तळहातावर ठेवला. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. बाहुली मोठी असल्यामुळे त्यांना तो धड दिसतही नसावा. मग त्या हसू लागल्या, आणि हसता हसता रडू लागल्या. आता त्यांचे अश्रू बिनरंगाचे होते.

जाताना त्यांनी माझे टोपडे घडी करून पिशवीत घातले. काही दिवसांनी सासूबाई ते घेऊन आल्या आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी मला घातले. "झाकून ठेवत जा हो याला," त्या डॉक्टरबाईला म्हणाल्या. "फार बघतं."

मित्रांनो, माझे आता वय झाले. तार सैल आहे, चाके कुरकुरतात, आणि एक दिवस ते शेजारचे यंत्र माझी जागा घेईल. पण तोवर तुमच्यापैकी कोणी माझ्यासमोर बसलेच, तर एवढे ऐका. डोळा आवरून सावरून आणू नका. दुसऱ्याची उरलेली बाटली घालू नका. बाहुली मोठी करायची म्हटली तर एक दिवस काम राहू द्या. आणि औषध सुरू केलेत, तर मधेच सोडू नका, भोक मोठे दिसले तरीही.

दवाखाना बंद झाला की मी टोपड्याच्या आत ते भोक शोधत बसतो. तळहाताएवढे होते, कुठे गेले कोणास ठाऊक. अजून सापडलेले नाही. कापडातले भोक असेच लपावे. डोळ्यातले मात्र मला दाखवा. हनुवटी टेका, कपाळ लावा आणि हलू नका. हलायला मी आहे.